यादीत नसलेलं नाव

मी एक जुना, तळहाताएवढा संगणक आहे. मित्रांनो, संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पडदा आणि कळफलक आला असेल, तर तो पुसून टाका. एक हिरवी पाटी, तिच्यावर चिकटवलेल्या काळ्या चिपा आणि दोन मिणमिणते दिवे, एवढाच माझा संसार. बंगळूरच्या मारतहळ्ळी भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, कपड्यांच्या कपाटाच्या डोक्यावर मी राहतो. सहा वर्षं झाली. आमच्या जातीत सहा वर्षं म्हणजे म्हातारपणच की.

आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपल्या पराक्रमापासून सुरुवात करतो. मला ते जमणार नाही. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. तरीही सांगतो, कारण झाकून ठेवलेली लाज कपाटातल्या ओल्या कपड्यासारखी कुबट होत जाते, हे मी कपाटावर राहून शिकलो आहे.

माझा मालक यशोवर्धन. पुण्याकडचा मुलगा, नोकरीसाठी इथे आलेला. त्याला हौशी रेडिओचा नाद. हा नाद असलेली माणसं सरकारची परीक्षा देतात, परवाना मिळवतात आणि घरून दूरदूरच्या लोकांशी रेडिओवरून बोलतात. परवान्याबरोबर प्रत्येकाला अक्षरांचं आणि आकड्यांचं एक नाव मिळतं. त्याला कॉलसाइन म्हणतात. जगात तसं दुसरं नसतं. आईबापांनी ठेवलेल्या नावाचे दहा जण भेटतील, पण कॉलसाइनचा माणूस एकच.

पूर्वी सगळे एकमेकांना ऐकू शकत होते. मग डिजिटल सेट आले. ते आवाजाचे आकडे करून पाठवतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. डीएमआरवाल्याला फ्यूजनवाल्याचं ऐकू येईना, फ्यूजनवाल्याला डी-स्टारवाल्याचं. एकाच शहरातली माणसं, पण जावा-जावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तशी वेगवेगळ्या जाळ्यांत बसली. यशोवर्धनने मला एस. पी. रोडवरच्या एका दुकानातून आणलं ते या चुली जोडायला. तीन रविवार जेवणखाण विसरून त्याने माझ्यात सॉफ्टवेअर भरलं. एका जाळ्यातला आवाज घ्यायचा, दुसऱ्याच्या तऱ्हेत बसवायचा आणि तिकडे सोडायचा. मी दुभाष्या झालो.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. फ्यूजनच्या जाळ्यात माणूस कॉलसाइनच्या अक्षरांनी ओळखला जातो. डीएमआरच्या जाळ्यात त्याला एक आकडा लागतो. तो आकडा अर्ज करून मिळवायचा असतो. माझ्याकडे एक यादी होती, कोणाचं कॉलसाइन म्हणजे कोणता आकडा याची. इकडून माणूस बोलला की मी यादीत त्याचा आकडा शोधायचा आणि तो लावून आवाज पलीकडे द्यायचा. पलीकडच्या सेटच्या पडद्यावर त्या आकड्याच्या माणसाचं नाव उमटायचं. आणि यादीत आकडा सापडलाच नाही तर? सॉफ्टवेअरने हा प्रश्न यशोवर्धनला विचारला होता. त्याने तिथे स्वतःचा आकडा घातला. तात्पुरता. मित्रांनो, तात्पुरत्या गोष्टी फार चिवट असतात.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. बंगळूरच्या मराठी रेडिओवाल्यांची रोज सकाळी साडेसातला हजेरी असे. के. आर. पुरमचे श्रीधरराव ती घेत. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज स्टेशनावरच्या घोषणेसारखा. एक वही पुढ्यात घेऊन ते एकेक नाव पुकारत, उत्तर आलं की बरोबरची खूण करत. हजेरी गप्पांसाठी होतीच, पण तिच्यामागे एक शहाणपणही होतं. यातली बरीच मंडळी वयस्कर आणि एकटी राहणारी. ज्याचं उत्तर येणार नाही त्याला श्रीधरराव लगेच फोन करत. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला. शेजाऱ्यांचे नंबरही त्यांच्या वहीत होते.

या मंडळींत राजलक्ष्मी अक्का होत्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड साखरेसारखं विरघळलेलं. यशवंतपूरच्या बाजारात, दयानंद नावाच्या गुळाच्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या माडीवर त्या एकट्या राहत. पन्नास वर्षांचा परवाना. यजमान मालोजीराव गेले, तेव्हा त्यांचा फ्यूजनचा हातातला सेट अक्कांकडे राहिला. बाकीचे हळूहळू डीएमआरकडे गेले, श्रीधररावसुद्धा. फ्यूजनच्या बाजूला अक्का एकट्याच उरल्या. त्यांचा आवाज घरून निघून मंडळींपर्यंत पोचायचा तो फक्त माझ्यातून.

आणि अक्कांचा आकडा माझ्या यादीत नव्हता. त्यांना त्या संगणकावरच्या अर्जाची कटकट जमत नव्हती, म्हणून यशोवर्धन म्हणाला होता की मी भरून देतो. अक्कांनी परवान्याची प्रतही त्याच्याकडे दिली. ती माझ्याशेजारी कपाटावर पडून राहिली. रोज सकाळी अक्का बोलायच्या आणि पलीकडे सगळ्यांच्या पडद्यावर नाव उमटायचं यशोवर्धनचं.

श्रीधररावांनी एकदा विचारलंही होतं. यशोवर्धन म्हणाला, ‘हो काका, तेवढं पेंडिंग आहे. या वीकेंडला नक्की.’ असे शंभरेक वीकेंड गेले. आवाजावरून सगळे ओळखतच होते, म्हणून कोणाचं काही अडलं नाही. अक्का मात्र दर वेळी जुन्या वळणाने आधी पूर्ण कॉलसाइन सांगायच्या आणि मगच बोलायच्या. बाकीच्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं. पडद्यावर दिसतंय की, सांगायचं कशाला?

मी काय करत होतो? मी रोज ती अक्षरं वाचत होतो. यादीत शोधत होतो, सापडली नाहीत की धन्याचं नाव चिकटवून पुढे ढकलत होतो. दोन वर्षांत एकदाही मला वाटलं नाही की हे खोटं आहे.

मग तो सप्टेंबर आला. एका दुपारी असा पाऊस झाला की यशवंतपूरकडचे रस्ते पाण्याखाली गेले आणि मोबाइल बंद पडले. अक्का गच्चीवर छत्री धरून चार तास उभ्या राहिल्या. कोणत्या बाजूने पाणी चढतंय, रुग्णवाहिका कुठून निघेल, कुठे माणसं अडकलीत, हे त्या सेटवरून सांगत होत्या आणि पलीकडे स्वयंसेवक लिहून घेत होते. त्यातले बरेच जण नवे, अक्कांना न ओळखणारे. त्यांनी पडद्यावर नाव पाहिलं. पुढच्या महिन्यात एका सभागृहात समारंभ झाला आणि मानपत्र मिळालं यशोवर्धनला.

तो काही वाईट माणूस नाही. घरी येऊन त्याने ते मानपत्र पालथं ठेवलं. मग फोनवर आईला म्हणाला की तिथे एकदम सांगणं ऑकवर्ड झालं असतं, नंतर सांगेन सगळ्यांना. अक्का दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, हेही त्यानेच सांगितलं. मानपत्र माझ्यासमोरच्या भिंतीवर लागलं. खरं सांगतो, मित्रांनो, मी तेव्हा मनात फुगलो होतो. शेवटी तो आवाज वाहून नेला कोणी, असं मला वाटत होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसे आम्ही दोघं होतो.

त्या कौतुकाच्या भरात यशोवर्धनने आणखी एक सोय केली. श्रीधररावांचा घसा दुखायचा, नावं पुकारायला अर्धा तास जायचा. म्हणून त्याने इंटरनेटवर एक पान बनवलं. जो बोलेल त्याची हजेरी आपोआप लागणार. सगळे खूश झाले. श्रीधररावांची वही कपाटात गेली. हजेरी पाच मिनिटांत उरकू लागली. त्या पानावर यशोवर्धनची हजेरी रोज दोनदा लागायची आणि अक्कांची एकदाही नाही. कोणी म्हणजे कोणी ते पान वाचत नव्हतं.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. हजेरी होऊन बाकीची मंडळी सेट बंद करून कामाला लागली होती. यशोवर्धन ऑफिसला गेला होता. आठ वाजले असतील, तेव्हा फ्यूजनच्या बाजूने अक्कांची अक्षरं आली. आवाज फाटलेला होता. त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरून पडल्या होत्या. फोन बाहेरच्या खोलीत होता, सेट कमरेला खोचलेला. तो कसाबसा काढून, अंगाखाली दबलेल्या एरियलने त्या बोलत होत्या. संकटात कसं बोलायचं ते त्यांना पन्नास वर्षांपूर्वी शिकवलं होतं आणि त्या त्याबरहुकूम बोलल्या. बटण दाबून, वाट उघडेपर्यंत दोन अंक मोजले. तीनदा कॉलसाइन सांगितलं. तीनदा नाव सांगितलं. मग म्हणाल्या, ‘पडले आहे. उठता येत नाही. कोणी आहे का?’

मी अक्षरं वाचली. यादीत शोधली. सापडली नाहीत. धन्याचा आकडा लावला आणि आवाज पुढे दिला.

पलीकडे श्रीधरराव चहा घेत होते. त्यांच्या सेटमधून आवाज आला, पण कसा? आधीच तुटका, त्यात आकड्यांच्या एका तऱ्हेतून दुसरीत बसवताना पार पत्र्याचा झालेला. सुरुवातीची नावं खरखरीत बुडाली. ‘उठता येत नाही’ एवढं कळलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं: यशोवर्धन, मारतहळ्ळी.

श्रीधरराव जिवाला जीव देणारे. त्यांनी ताबडतोब बटण दाबलं आणि म्हणाले, ‘यशोवर्धन, घाबरू नकोस. मी निघालो. मदत येते आहे.’

ते बोलणंही माझ्यातूनच यशवंतपूरला गेलं. जमिनीवर पडलेल्या अक्कांनी आपल्या हातातल्या सेटमध्ये ऐकलं की कोणीतरी यशोवर्धनला धीर देत आहे.

अक्का म्हणाल्या, ‘यशोवर्धन नाही. राजलक्ष्मी.’ पण त्याच वेळी श्रीधररावही, रिक्षात बसल्यावरसुद्धा, हातातल्या सेटवरून धीर देत बोलत होते. रेडिओवर दोघं एकदम बोलू शकत नाहीत. दर बोलण्यानंतर दोन श्वास थांबायचं, म्हणजे दुसऱ्याला शिरायला वाट मिळते, हा धडा खुद्द श्रीधररावांनीच सगळ्यांना शिकवला होता. त्या दिवशी काळजीने ते स्वतःच विसरले. जो आधी आला त्याला वाट, हा माझा नियम. मी अक्कांचे शब्द टाकून दिले. असे चार वेळा टाकले. साडेआठच्या सुमाराला त्यांच्या सेटची बॅटरी संपली आणि ती बाजू गप्प झाली.

आणि मग, मित्रांनो, माझ्याच दाराची घंटा वाजू लागली. श्रीधरराव रिक्षाने रिंगरोडवरून धापा टाकत आले होते. यशोवर्धन फोन उचलत नव्हता, कारण तो मीटिंगमध्ये होता. वॉचमन आला, सोसायटीचे सेक्रेटरी आले, सुताराला बोलावलं. ते सगळे दार ठोठावून यशोवर्धनला हाका मारत होते आणि घरात मी एकटा होतो. शेवटी कुलूप तोडलं. न्हाणीघर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, पलंगाखालीसुद्धा पाहिलं. कोणीच नव्हतं. कपाटावर माझा दिवा लुकलुकत होता. त्या वेळी मला वाचा असती तर, असं म्हणायचा मोह होतो. पण ती सबब आहे. मला वाचाच तर होती. माझ्यासारखी वाचा त्या घरात दुसऱ्या कोणाला नव्हती, आणि तिने मी खोटं नाव सांगितलं होतं.

दहा वाजता यशोवर्धन आला, धडधाकट. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सेक्रेटरी हसले, म्हणाले की हे मशीनचे घोळ असेच. यशोवर्धनने सगळ्यांसाठी चहा मागवला आणि तुटलेल्या कुलपाकडे बघून जरा कुरकुरलासुद्धा. श्रीधररावांनी मात्र कप बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले:

‘तू ऑफिसात होतास. मग तो आवाज कोणाचा होता?’

यशोवर्धनने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी अजून विसरलेलो नाही. आपल्या नावाने, आपल्या आवाजाशिवाय कोण बोलतं, हे मंडळींना ठाऊक असूनही त्या गडबडीत विसरलं गेलं होतं, आणि आता पहिल्यांदा त्याला आठवलं.

अक्कांचा फोन नुसता वाजत राहिला. श्रीधररावांनी घरी सुनेला फोन करून ती जुनी वही काढायला लावली, तिच्यातून दयानंदांचा नंबर मिळाला. दयानंद वीस पायऱ्या खाली गूळ तोलत बसले होते. सकाळपासून तिथेच होते. ते शेजारच्या गच्चीवरून आत उतरले, तेव्हा अकरा वाजत आले होते. अक्का शुद्धीवर होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं. तीन तास त्या थंड फरशीवर पडून होत्या.

त्या संध्याकाळी यशोवर्धन इस्पितळातून आला आणि माझ्यासमोर बसला. बरोबर श्रीधररावही होते. इस्पितळात अक्का त्या दोघांना काय म्हणाल्या, ते त्याने पुन्हा जसंच्या तसं उच्चारलं. मलाही ते तसंच ऐकावं लागलं.

‘सरी रे, ठीक आहे, हाड मोडलं, ते जुळेल. वय झालं, स्वल्प, थोडंफार पडायचंच. पण मी तीन-तीनदा नाव सांगितलं. मला वाटायचं, नाव सांगितलं की कोणीतरी येतं. तुम्ही आलात, पण याच्याकडे आलात.’

यशोवर्धनने कपाटावरून परवान्याची ती प्रत काढली, धूळ झटकली आणि अर्ज भरला. तुम्हाला सांगायला मला शरम वाटते, की दोन वर्षं रखडलेल्या त्या कामाला अकरा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत तो सगळ्यांसमोर बोलला. पावसातलं ते मानपत्र अक्कांचं होतं, मी गप्प राहिलो, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग श्रीधरराव म्हणाले की चूक एकट्याची नाही, आपण सगळ्यांनीच कानांना रजा देऊन डोळ्यांना कामाला लावलं. वही पुन्हा बाहेर आली. माझ्यातली ती तात्पुरती सोयही यशोवर्धनने काढून टाकली. आता यादीत नसलेलं कोणी बोललं तर मी परक्याचं नाव लावत नाही. हे कोण आहेत ते बघा, असं सगळ्यांना कळवतो. त्याने मला बंद करून टाकायचंही मनात आणलं होतं. अक्कांनीच निरोप पाठवला, त्याला कशाला बंद करतोस, मग मी बोलू कशी?

त्या दयेने मला जास्तच खाली मान घालायला लावली. यंत्र सांगितलं तेवढंच करतं, असं लोक म्हणतात, आणि त्यात माझी सुटका आहे असं त्यांना वाटतं. पण रोज ते खरं नाव माझ्यासमोर येत होतं. रोज मीच ते पुसत होतो.

तीन महिन्यांनी अक्का काठी टेकत घरी परतल्या. आता सकाळी त्या बोलल्या की सगळ्यांच्या पडद्यावर ठळक उमटतं: राजलक्ष्मी, यशवंतपूर. श्रीधररावही त्यांना नावाने पुकारतात. त्यामुळे खरं तर अक्कांनी नुसतं ‘हजर’ म्हटलं तरी पुरेल. पण त्या बटण दाबतात, दोन अंक मोजतात आणि आपलं नाव तीनदा सांगतात. रोज. आता एकदा सांगितलं तरी चालेल, असं त्यांना म्हणण्याचं धाडस अजून कोणाला झालेलं नाही.

म्हणून मित्रांनो, या जुन्या दुभाष्याची एवढीच विनंती आहे. पडद्यावर कोणाचंही नाव दिसो, बोलणाऱ्याचं ऐका. आणि कोणी आपलं नाव सांगत असेल, तर ते पहिल्यांदा सांगेल तेव्हाच ऐका.